पाच सप्टेंबरची नोंद

चिंचकोट, ता. उमरगा, जि. उस्मानाबाद
सोमवार, ता. १५ नोव्हेंबर १९४८

तीर्थरूप मथुराआत्या यांस,
तबिथाचा कृतानेक सलाम. वि. वि. इकडे बाबा आणि मी जिवाने ठीक आहोत. तुमच्या गुडघ्यांना सोलापूरची थंडी सोसते का, ते लिहावे.

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिले होते की, सरदारभाभी आणि तिची ताहेरा या दोघींचा बाप्तिस्मा रविवारी, पाच सप्टेंबरला झाला. ते खरे नाही. त्या रविवारी बाबा तापाने फणफणले होते आणि आपल्या पत्र्याच्या देवळात उपासनाच झाली नव्हती. बाप्तिस्मा झाला तो सोमवारी, वीस सप्टेंबरला, आणि तोही देवळात नव्हे, आमच्या स्वयंपाकघरात. पाच ही तारीख मी मंडळीच्या वहीत लिहिली. तीच बाबांनी मिशनच्या साहेबांना कळवली आणि तीच मी तुम्हाला. लहानपणी तुम्ही मला चुलीपुढच्या राखेत अक्षरे गिरवायला शिकवलीत, तेव्हा सांगत होतात की खोटे लिहिणाऱ्याचे अक्षर वाकडे येते. आत्या, मी वही पुन्हा उघडून पाहिली. अक्षर सरळ आले आहे.

सरदारभाभीचा नवरा नबीलाल पिंजारी तुम्हाला आठवत असेलच. देवळामागे राहायचा, दर नाताळाआधी आपल्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा, आणि तुमची गादी भरताना म्हणायचा की बाईचं वजन सुवार्तेचं हाय, दोन शेर कापूस जास्ती लागतो. उन्हाळ्यात रझाकार गावात शिरले तेव्हा सिद्रामप्पा दुकानदाराची पार्वतम्मा आणि मुले चार दिवस त्याच्याच कापसाच्या ढिगामागे लपून होती. सप्टेंबरात हिंदुस्थानचे लष्कर उमरग्यावरून पुढे गेले. सिद्रामप्पाने गूळ वाटला, तो नबीलालनेही खाल्ला. मग थोड्याच दिवसांत बाहेरगावची माणसे आली, त्यांत आपल्या गावचीही मिसळली. नबीलाल ओढ्याकडे गेला होता. तो परत आला नाही. याहून जास्त मला लिहवत नाही.

मायलेकी आमच्या मागच्या दाराने आत आल्या आणि लगेच पुढच्या दारात माणसे उभी राहिली. बाबा आतल्या खोलीत होते. त्यांना खोटे बोलायचे नव्हते आणि खरे बोलण्याची सोय नव्हती, म्हणून ते बोललेच नाहीत. दारात मी गेले. म्हणाले, या दोघी आमच्या मंडळीतल्या आहेत. सर्वांत पुढे महारुद्र होता. चार इयत्ता बाबांकडेच शिकलेला. त्याला आमची वही ठाऊक. तो म्हणाला, मग वही दाखवा.

मी आत आले आणि लिहिले. सारा, पूर्वीची सरदारबी, वय पस्तीस. रिबका, पूर्वीची ताहेराबी, वय चौदा. तारीख पाच सप्टेंबर, लष्कर यायच्या आधीची. शेवटच्या रकान्यात 'स्वखुशीने' असे लिहायचे असते, तेही लिहिले. चुलीतली राख शाईवर भुरभुरली, फुंकली आणि वही बाहेर नेली. महारुद्राने ओळीवरून अंगठा फिरवला. शाई पुरती वाळली नव्हती. त्याने अंगठ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. अंगठा धोतराला पुसला आणि मागच्यांना सांगितले, व्हय, किरिस्तावच हायत ह्या. ते निघून गेले.

मग बाबा बाहेर आले. त्यांनी ती ओळ वाचली. मला वाटले, आता मारतील किंवा जवळ घेतील. त्यांनी दोन्ही केले नाही. देवाच्या वहीत खोटे राहता कामा नये, एवढेच म्हणाले, तांब्यात पाणी घेतले आणि दोघींच्या डोक्यांवर तिथेच घातले. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. सरदारभाभी हात जोडून बसली होती. कपाळावरून पाणी गळत असताना तिने मला विचारले, झालं का बाई? आता मारत्यात का? तिला वाटले, मारण्याआधीची ही आमची काही रीत आहे.

आत्या, मी त्या वेळी ओरडायला हवे होते. मी तिचे कपाळ पदराने पुसले.

आता साहेबांचे पत्र आले आहे. चाळीस वर्षांत या भागात मुसलमान घरातले कोणी मंडळीत आले नव्हते म्हणून ते फार आनंदात आहेत. १९ डिसेंबरच्या रविवारी ते स्वतः येऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देतील, दोघींना मंडळीत पूर्णपणे घेतील आणि ताहेराला मुलींच्या बोर्डिंगात नेतील. तोवर दोघींना प्रश्नोत्तरी शिकवण्याचे काम माझ्याकडे आहे. तिसरा प्रश्न, तू हे स्वखुशीने करतेस काय. भाभी मला खूश करण्यासाठी प्रश्न संपायच्या आतच होय म्हणते.

माझ्यावर तुमचा लोभ आहेच. आता त्यात राग मिसळला तर तोही लपवू नका, तेवढे मागते.

तुमची,
तबिथा

•

सोलापूर
सोमवार, ता. २२ नोव्हेंबर १९४८

चि. तबिथा हिस म्हाताऱ्या आत्याचे आशीर्वाद आणि सलाम. गुडघ्यांचं विचारू नकोस, ते माझ्याआधी स्वर्गात जायला निघालेत.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा पुसला, दुसऱ्यांदा डोळे पुसले, तिसऱ्यांदा दार लावून घेतलं. नबीलालची बातमी तू आधी नुसती "वारला" अशी लिहिली होतीस. माझ्या गादीवर बसून तेच वाचते आहे गं. त्या माणसानं भरलेल्या गादीवर.

पण आता माझं ऐक. तू दोन जीव वाचवलेस. तारखेसाठी देव तुला धरणार असेल तर मी मधे उभी राहीन. पस्तीस वर्षं गावोगाव त्याचं नाव सांगत हिंडले, एवढा हक्क मला आहे. आणि तुझ्या बापानं, याकोबानं, पाणी घातलं त्यात इतकं हादरण्यासारखं काय? पाणी आधी, विश्वास मागून, असं पुष्कळांचं झालं आहे. आपल्याच घरातलं सांगते. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तुझे आजोबा दगडोबा १९०० सालच्या दुष्काळात आम्हा दोघांना खांद्यावर घेऊन मिशनच्या छावणीवर गेले. मी सहा वर्षांची, याकोब दोनाचा. तिथं दोन रांगा होत्या. एक लांब, एक आखूड. उपाशी माणूस कुठल्या रांगेत उभा राहील? आजोबा आखूड रांगेत राहिले. ती पेजेची नव्हती, बाप्तिस्म्याची होती. पुढं गेले, डोकं वाकवलं, पाणी पडलं, नाव लिहून घेतलं, आणि ओल्या डोक्यानं रिकामं मडकं घेऊन परत आले. आई म्हणाली, तुम्हाला साधी पेज आणता येत न्हाय, आणि हे काय डोक्यावर आणलंत? आम्ही मोठे झालो तेव्हाही ती त्यांना चिडवायची की देवाला तुम्ही सापडला न्हाईत, तुम्ही चुकून त्याच्या पायात आलात.

तर बाळ, आपलं घराणं त्या चुकलेल्या रांगेतलं आहे. त्याच रांगेतून तुझा उपदेशक बाप निघाला आणि राखेत अक्षरं गिरवणारी तू. भाभीला होय म्हणू दे. आज नुसतं म्हणेल, दहा वर्षांनी मनापासून म्हणेल. आणि हेही लिहून ठेवते. साहेबांपुढं तू तोंड उघडलंस तर याकोबाचं उपदेशकपण जाईल. घर मिशनचं आहे. पन्नाशीचा माणूस खोकत कुठं जाईल, त्याचा विचार कर.

जेव. नीट झोप. आणि म्हाताऱ्या बाईला दार लावून पत्र वाचायला लावू नकोस.

तुझी,
मथुराआत्या

•

चिंचकोट
सोमवार, ता. २९ नोव्हेंबर १९४८

ती. आत्याबाईंस तबिथाचा सलाम. वि. वि. तुमची गोष्ट वाचून मला हसू आले, आणि हसता हसता थांबले. बाबा उपदेशात नेहमी सांगतात की त्यांच्या वडिलांना शेतात देवाची हाक आली. मी ती हाक ऐकू यावी म्हणून लहानपणी आजोबांच्या शेतात जाऊन उभी राहायची. आता कळते की हाक नव्हती, मडके होते. मग मी कोणत्या पाण्याची आहे, आत्या? मला तर तान्हेपणीच पाणी घातले. मलाही कोणी विचारले नव्हते.

तरीही तुमचे ऐकावे असे मी ठरवले होते. भाभीला होय म्हणू द्यावे, बाबांचे छप्पर राहू द्यावे. शुक्रवारपर्यंत मी तसेच धरून होते.

शुक्रवारी मीठ आणायला सिद्रामप्पाच्या दुकानी गेले. त्याने मिठाला हातच लावला नाही. मला विचारले की बाई, पिंजाऱ्याची बायको तिच्या भावाला का भेटली न्हाय? कोणता भाऊ, असे मी विचारले. तेव्हा त्याने सांगितले. भाभीचा धाकटा भाऊ आयुब गुलबर्ग्याला असतो. तो जिवंत आहे. दहा दिवसांपूर्वी तो बहिणीला शोधत पायी इथवर आला होता. मी त्या दिवशी उमरग्याला शाळेच्या पाट्या आणायला गेले होते आणि भाभी-ताहेरा नदीवर धुण्याला. बाबा एकटे घरी. आयुबने विचारले, माझी बहीण तुमच्याकडं हाय का. बाबा म्हणाले, इथे सारा आणि रिबका आहेत, त्या आता आमच्या मंडळीच्या आहेत, वहीत लिहिले आहे. त्यांनी त्याला पाणी दिले, बसा म्हटले, पण बहिणीला हाक मारली नाही. तो दुकानाच्या पायरीवर येऊन रडला आणि परत गेला. सिद्रामप्पाला वाटले, भाभीनेच भेटायचे नाकारले असेल. म्हणून ती मीठ न्यायला यायची तेव्हा तो तिच्याशी बोलत नव्हता.

मी घरी येऊन बाबांना विचारले. त्यांनी नाकारले नाही. बाबा नाकारत नाहीत, तेच मला कळत नाही. ते म्हणाले, मी एकही शब्द खोटा बोललो नाही. त्या आता माझी मेंढरे आहेत. ती गेली तर देव त्यांचा जाब मला विचारेल. आणि हे म्हणताना ते रडत होते. आत्या, त्यांनी स्वतःचे पांघरूण ताहेराला दिले आहे आणि आपण पोत्यावर झोपतात. वाईट माणूस असता तर मला सोपे गेले असते. आजवर मी समजत होते की माणूस धर्म सोडतो तेव्हा वाईट घडते. इथे कोणी काही सोडले नाही. बाबांनी एकेक ओळ पाळली, आणि एक भाऊ पायरीवर रडून गेला.

भाभीला मी त्याच दुपारी सांगितले. ती उठली. जात्याशी जाऊन बसली आणि दाणे न घालता जाते फिरवत राहिली. ताहेराने खुंटा धरला तेव्हा थांबली.

मला प्रार्थना करता येत नाही. गुडघे टेकते, आणि ओठांवर येते ते फक्त भाभीचे वाक्य. झालं का? आता मारत्यात का? ज्या देवाला मी लहानपणापासून बाप म्हणत आले, त्याच्या पाण्याखाली बसून एका बाईला असे वाटले. मी त्याला काय म्हणू?

सिद्रामप्पाकडून आयुबला पत्र पाठवले आहे. पुढे काय करावे ते मला कळत नाही. तुम्ही रागावा, पण गप्प राहू नका.

तबिथा

•

सोलापूर
रविवार, ता. ५ डिसेंबर १९४८

चि. तबिथास आशीर्वाद.

आज देवळात गेले नाही. इथल्या बायका विचारायला आल्या, त्यांना गुडघे सांगितले. म्हणजे मीही आता खोटं बोलायला लागले, तुझ्या घराण्याचीच.

मी तुला गोष्ट अर्धी सांगितली होती. मुद्दाम. उरलेली अर्धी मी कोणालाच सांगत नाही, आणि याकोबाला तर ती ठाऊकच नाही. वडील सांगायला लाजले आणि मी त्यांचा मान राखला.

दुष्काळ सरला, जोंधळा उभा राहिला, तेव्हा छावणीवर पाणी घालणारे म्हातारे पाद्री घोड्यावर बसून निघाले. कोटात यादी. ज्यांना ज्यांना पाणी घातलं त्यांच्या गावी गेले. आमच्या बांधावर घोडा थांबला तो मला आठवतो, कारण घोड्यानं आमची कणसं खाल्ली. पाद्रींनी वडिलांना विचारलं की त्या दिवशी तुम्ही उपाशी होता, तेव्हाचं मी धरत नाही. आता घरात दाणे आहेत, आता सांगा. वडील म्हणाले, न्हाय साहेब, मी पेजेसाठी आलतो. पाद्रींनी यादी काढली. मला वाटलं नाव खोडतील. त्यांनी खोडलं नाही. खाली लिहिलं. सलाम करून गेले.

तीन वर्षं ते नुसते गावावरून जाताना सलाम करत राहिले. चौथ्या वर्षी वडील स्वतः चालत गेले. का गेलात, असं मी मोठेपणी विचारलं, तर म्हणाले, ज्यानं मला न्हाय म्हणू दिलं त्याचा देव बघावा म्हटलं. पुढं बायबल-बाई झाल्यावर ती जुनी यादी माझ्या हाती आली. वडिलांच्या नावाखाली लिहिलं होतं, "विचारले. नाही म्हणाला."

पस्तीस वर्षं मी बायकांना आखूड रांगेची गोष्ट सांगून हसवलं. ही दुसरी गोष्ट कधी सांगितली नाही. वाटायचं, आपल्या बापानं देवाला नाही म्हटलं हे सांगायचं कसं? तुझं पत्र वाचून मला माझीच भीती वाटली. मी तुला लिहिलं होतं, भाभीला होय म्हणू दे. तिला विचार असं लिहिलं नव्हतं.

तिला विचार. जे म्हणेल ते. मी अठरा तारखेच्या, शनिवारच्या मोटारीनं येते. याकोब माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, याची त्याला आठवण करून द्यायला.

मथुराआत्या

•

चिंचकोट
रविवार, ता. १२ डिसेंबर १९४८

ती. आत्याबाईंस सलाम. वि. वि. तुमचे पत्र मिळाले. घोड्याने कणसे खाल्ली तिथे मी थांबून पुन्हा वाचले. शेतात उभी राहून मी ज्या हाकेची वाट पाहत होते, ती हीच असेल असे आता वाटते. ती घोड्यावरून आली आणि उत्तर ऐकून परत गेली.

मी भाभीला विचारले. प्रश्नोत्तरी बाजूला ठेवली, पुढचे दार सताड उघडले आणि मग विचारले. ती उठून उघड्या दाराशी गेली. म्हणाली, "बाई, त्या दिशी इचारलं असतंव तर व्हय म्हणले असते, पोरीसाठी काय बी म्हणले असते. आज इचारताव, तर न्हाय. माझा नबीलाल ज्या नावानं गेला त्याच नावानं मला जायाचं हाय. तुमच्या देवावर राग न्हाय माझा. त्येचं दार उघडं व्हतं म्हणून जगले. पर दार आतनं लावू नका."

ताहेरालाही वेगळे विचारले, तीही नाही म्हणाली. आयुबचा निरोप सिद्रामप्पाकडे आला आहे. सिद्रामप्पा म्हणाला, आधीच एका पहाटे माझ्या गाडीतून काढून देतो, कोणाला कळणार न्हाय. भाभीने नको म्हटले. मागच्या दाराने आले, पुढच्या दाराने जाईन, म्हणाली. मलाही तेच बरे वाटले. म्हणून आयुबला साहेब येतील त्याच दिवशी, दिवसाउजेडी, देवळाच्या दारात यायला सांगितले आहे.

परवा महारुद्र शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटले तर आला नाही. त्याने अंगठा पुढे केला. डाग केव्हाच गेला आहे, पण त्याला तो दिसतो म्हणे. मी त्याला बरे वाटेल असे काही बोलले नाही. तो म्हणाला, नबीलालला कुठं पुरलंय ते मला माहीत हाय, भाभीला दाखवीन. आयुब बरोबर असेल तेव्हा दाखव, एवढे मी म्हणाले.

बाबांना मी काल सर्व सांगितले, कारण पाठीमागे करायचे नव्हते. फक्त आजोबांची गोष्ट सांगितली नाही. ती तुमच्याकडूनच ऐकावी. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, वही फाडणार आहेस का. मी नाही म्हटले. खोडणार आहेस का. तेही नाही म्हटले. त्यावर ते बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत देवळाचे बाक पुसत राहिले. आज त्यांनी उपदेश केला नाही, नुसती भजने घेतली. त्यांचे छप्पर माझ्यामुळे जाईल, हे मला रोज सकाळी उठताच आठवते. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर असेन. एवढेच माझ्या हाती आहे.

साहेब तिसरा प्रश्न विचारतील तेव्हा मी उठून उभी राहीन. वही माझ्या हातात असेल. पाच सप्टेंबरच्या ओळीखाली त्याच शाईने लिहिलेले वाचून दाखवीन. ही नोंद मी, तबिथा याकोब, हिने वीस सप्टेंबरला जीव वाचवण्यासाठी केली. तारीख खोटी आहे. 'स्वखुशीने' हा शब्द माझा आहे, त्यांचा नाही. आता विचारले, नाही म्हणाल्या. मग दोघी पुढच्या दाराने जातील.

त्या दिवशी मी भाकर आणि द्राक्षारस घेणार नाही. रागाने नाही. मलाही कोणी विचारलेले नाही, तेव्हा आधी स्वतःला विचारायचे आहे, आणि उत्तर काय येईल ते मला माहीत नाही. याची पूर्वी मला भीती वाटली असती. अजूनही वाटते. पण काल कितीतरी दिवसांनी गुडघे टेकले तेव्हा ओठांवर भाभीचे वाक्य आले नाही. काहीच आले नाही, आणि मी तशीच बसून राहिले.

तुमच्यासाठी इथली गादी उन्हात टाकली आहे. नबीलालची कापूस पिंजायची कमान भाभी बरोबर नेणार आहे. तुमच्या लोभात माझी जागा असेल तिथेच राहू द्या, थोडी सरकवली तरी चालेल.

तुमची,
तबिथा

ता. क. मोटार चुकवू नका. उपासनेची तारीख पुन्हा लिहिते, आणि या वेळी खरी लिहिते. रविवार, एकोणीस डिसेंबर.